कावसजीचें नाक

आपल्या भाषेनें शरीराच्या अवयवांत नाकाला जो मान दिला आहे, तो हृदयालाही दिलेला नाहीं. घराण्याचें नाक जातें, मुलगा बापाचें नाक राखतो, गर्विष्ठ मनुष्य नाक वर करून चालतो, आणि शत्रूस नमविलें म्हणजे त्याला नाक घासावयास लावतात. अब्रू ही वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं. परंतु ती कोठें दिसावयाचीच असेल तर चेहऱ्याच्या मध्यभागीं दिसेल, अशी आपल्या पूर्वजांची समजूत असावी. नाक कापणें ही शिक्षा जुन्या राजवटींत होती ती ह्याच समजुतीमुळें. त्या शिक्षेनें मनुष्य मरत नसे. तो चारचौघांत वावरण्यास अपात्र होई. आणि जेथें अशी शिक्षा होती, तेथेंच तिच्यावरचा उपायही निघाला. त्या उपायाचा जो वृत्तांत जगभर गाजला, तो आमच्या पुण्याजवळचा आहे. तो वृत्तांत आज पुन्हां सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय सुचण्याचें कारण मात्र अगदीं घरगुती आहे. चिंचवडास आमचे एक स्नेही राहतात. नोकरीचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं चाकणच्या बाजूच्या एका मोटारींच्या कारखान्यांत काढलीं. त्यापूर्वीं तरुणपणीं ते भोसरीस एका लहानशा कारखान्यांत प्रेसवर काम करीत. तेथें एकदां पत्र्याचा तुकडा उडून त्यांच्या उजव्या भुवईपासून गालापर्यंत जखम झाली. जखम शिवली गेली, डोळा वांचला, आणि त्या काळीं एवढ्यावर सर्वांनीं देवाचे आभार मानले. पुढें संसार झाला, मुलांचीं लग्नें झालीं. परंतु घरांतल्या प्रत्येक फोटोंत हे गृहस्थ डावी बाजू पुढें करून उभे आहेत, हें आमच्या लक्षांत फार उशिरां आलें. वयोमानानें आतां ती उजवी पापणी खालीं उतरून डोळ्यावर आली आहे, आणि व्रणाची रेघ ओढल्यामुळें तोंड वांकडें दिसतें. मधल्या काळांत त्यांच्या हृदयाची गति मंदावली, व छातीच्या कातडीखालीं ती गति राखणारें यंत्र, ज्याला आतां घरोघर पेसमेकर म्हणतात, तें बसवावें लागलें.

निवृत्तीनंतर ह्या गृहस्थांनीं एके दिवशीं, घरांत कोणास न विचारतां, चेहरा सुधारून देणारें एक चिकित्सालय गांठलें. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें त्यांना खर्चाचा तक्ता दाखविण्यांत आला, हप्त्यांची सोय सांगण्यांत आली, आणि शस्त्रक्रियेबरोबरच विजेच्या यंत्रानें गालाची कातडी घट्ट करून देण्याचेंही ठरलें. छातींत कांहीं यंत्र आहे काय, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. घरीं आल्यावर त्यांच्या पत्नीनें एवढेंच विचारलें, “अहो, छातींतल्या यंत्राचें सांगितलेंत का त्यांना?” तेव्हां कोठें त्यांच्या ध्यानांत आलें. मुलगा म्हणाला, “बाबा, ह्या वयांत हें काय सुचलें तुम्हांला?” हें वाक्य त्यांना फार लागलें. संध्याकाळीं ते आमच्याकडे आले व म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, डॉक्टरांचें मी डॉक्टरांना विचारीनच. तुम्ही मला एवढें सांगा, तोंडासाठीं शस्त्र लावून घेणें हें मूर्खपणाचें आहे का? तुमच्या इतिहासांत कोणीं असें केलें आहे का?”

आम्ही वैद्य नाहीं. परंतु त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें.

तिसरें म्हैसूर युद्ध १७९० पासून १७९२ पर्यंत चाललें. त्यांत टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम व पेशवे एकत्र होते. इंग्रजी सैन्याचें सामान बैलांवर चाले, आणि ते बैल हांकणाऱ्या माणसांत कावसजी नांवाचा एक गडी होता. नांवावरून तो पारशी वाटतो. इंग्रजी वृत्तांतांत मात्र त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलें आहे. तो टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला. त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापून त्याला सोडून दिलें. तशा स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला, व पुढें कंपनी सरकारानें त्याला निवृत्तिवेतन बांधून दिलें. एक वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें त्याला नवें नाक बसवून दिलें.

मुंबई इलाख्याच्या नोकरींतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले ह्या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. जेम्स वेल्स ह्या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें. हाच वेल्स सवाई माधवराव व नाना फडणीस ह्यांच्या चित्रांमुळें आपल्या परिचयाचा आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ ह्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत चित्रासह सर्व हकीकत छापली गेली. पत्राखालीं पुऱ्या नांवाऐवजीं दोन आद्याक्षरें आहेत. त्यांत कावसजीचें नांव आहे, पाहणाऱ्या दोघा साहेबांचीं नांवें आहेत; ज्यानें नाक बसविलें त्याचें नांव नाहीं. त्याची केवळ जात नोंदलेली आहे.

क्रिया अशी. प्रथम मेणाचा पातळ पत्रा घेऊन, उरलेल्या नाकाच्या खुंटावर त्याचें चांगलेंसें नाक घडवावयाचें. मग तेंच मेण सपाट करून कपाळावर ठेवावयाचें व त्याच्या कडेनें रेघ ओढावयाची. रेघ ओढली कीं मेणाचें काम संपलें. त्या रेघेच्या आंतील कपाळाची कातडी सोडवून घ्यावयाची. परंतु दोन डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवावयाची, म्हणजे तिच्यांतून नव्या नाकाला रक्त मिळत राहतें. जुन्या खुंटाचा व्रण खरवडून त्याभोंवतीं चीर पाडावयाची, आणि कपाळाची कातडी खालीं आणून, अर्धा पीळ देऊन, तिची कड त्या चिरेंत बसवावयाची. जोडावर काथ पाण्यांत कालवून लावलेल्या चिंध्यांचे पांचसहा थर ठेवीत. चार दिवस दुसरें औषध नाहीं. मग त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं. रोग्यानें पांचसहा दिवस उताणें निजावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मोकळ्या राहाव्या म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नवें नाक आपल्या नव्या जागीं रुजलें म्हणजे, डोळ्यांमधली ती पट्टी कापून टाकावयाची.

गुंगीचें औषध तेव्हां नव्हतें. ईथरचा उपयोग १८४६ सालीं सुरू झाला. जंतूंचें ज्ञान त्याहूनही पुढचें. असें असतां ही क्रिया बहुधा यशस्वी होते, व कपाळावरील व्रण कालांतरानें फारसा दिसत नाहीं, असा त्या वृत्तांताचा निर्वाळा आहे. आजचे शस्त्रवैद्यही नाक नव्यानें घडवितांना कपाळाची कातडी घेतात, नाकाचा सांचा आधीं कापतात, आणि जोडपट्टी साधारणतः तीन आठवड्यांनीं तोडतात.

हें ज्ञान त्या वीटवाल्याकडे कोठून आलें? सुश्रुतसंहितेंत तुटलेल्या कानाची पाळी व नाक जोडण्याचा विधि आहे, हें सर्वश्रुत आहे. सुश्रुत नाकाएवढें झाडाचें पान मापासाठीं घेतो, गालाची कातडी घेतो, आणि नाकपुड्यांत नळ्या बसवितो. पुण्याच्या माणसानें पानाऐवजीं मेण व गालाऐवजीं कपाळ घेतलें. म्हणजे त्यानें पोथी वाचून हुबेहूब नक्कल केली असें नव्हे. पोथी पंडितांच्या घरीं राहिली, आणि हात मात्र कारागिरांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या सुधारत गेला. आपण सुश्रुताचें नांव अभिमानानें घेतों तें योग्यच आहे. परंतु शेवटल्या काळांत ज्यानें ही विद्या जिवंत ठेवली, तो मातींत हात घालणारा मनुष्य होता, हें अभिमान वाहतांना आपण विसरतों.

पुढची हकीकत लंडनची. जोसेफ कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें तो वृत्तांत वाचला. पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचे वकील म्हणून राहिलेले सर चार्ल्स मॅलेट ह्यांच्याकडे त्यानें चौकशी केली, व त्यांनीं ही चाल खरी असल्याचें कळविलें. कार्प्यूनें प्रथम प्रेतांवर हात बसवून घेतला, आणि योग्य रोगी मिळेपर्यंत जवळजवळ वीस वर्षें वाट पाहिली. २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं त्यानें एका सैनिकी अधिकाऱ्याचें नाक पुण्याच्या पद्धतीनें बसविलें. दोन रोग्यांची हकीकत त्यानें १८१६ सालीं ग्रंथरूपानें छापली. १८१८ सालीं बर्लिनच्या ग्रेफ ह्यानें ह्याच विषयावर ग्रंथ लिहिला. यूरोपांत सोळाव्या शतकापासून ताल्याकोत्सीची दंडाच्या कातडीची पद्धत ठाऊक होती, परंतु ती मागें पडली होती; आतां ‘हिंदी पद्धत’ ह्या नांवानें आपली रीत तिकडे रूढ झाली.

इतकें सांगून आम्ही आमच्या स्नेह्यांस म्हणालों, “पाहा, कावसजीला नाकावांचून श्वास घेतां येत होता, जेवतां येत होतें, निवृत्तिवेतनही मिळत होतें. हात गेला होता, तो कोणास परत देतां येत नव्हता. तरीही त्यानें, गुंगीच्या औषधावांचून, कपाळ सोलून घेतलें. तें कशासाठीं?” ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “लोकांकडे सरळ पाहतां यावें म्हणून.”

चेहऱ्याच्या शल्यकर्माचा सर्व इतिहास ह्या उत्तरांत आहे असें आम्हांस वाटतें. जरूरीचें काय आणि हौसेचें काय, ही सीमारेषा शरीरशास्त्राला आंखतां येत नाहीं. बर्लिनच्या जाक योसेफनें १८९८ सालीं एका धडधाकट माणसाचें फार मोठें नाक लहान करून दिलें, कारण त्या नाकामुळें त्यानें लोकांत जाणें सोडलें होतें. पहिल्या महायुद्धांत गिलीज ह्यांनीं इंग्लंडांत सिडकपच्या इस्पितळांत, तोंडें छिन्नविच्छिन्न झालेल्या हजारों शिपायांना माणसांत आणलें. त्यांच्याच हाताखालीं शिकलेले डॉक्टर नोशीर अंतिया हिंदुस्थानांत परतल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांत काम करूं लागले. रोग बरा झाला तरी बसलेलें नाक व झडलेल्या भुवया माणसाला घरांत घेऊं देत नाहींत, म्हणून त्यांनीं त्या चेहऱ्यांची दुरुस्ती हातीं घेतली. कावसजीनंतर दीडशें वर्षांहून अधिक काळानें, त्याच पुण्याच्या परिसरांत, तोच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला होता. ह्या सर्वांना कोणी ‘ह्या वयांत काय सुचलें’ असें म्हणत नाहीं. मग ज्यानें उभा जन्म डावी बाजू पुढें करून काढला, त्यालाच तसें कां म्हणावें?

परंतु इच्छा रास्त असली म्हणजे मार्ग निर्धोक झाला असें होत नाहीं. आणि येथें इतिहासाची दुसरी बाजू सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

पुण्याच्या त्या कारागिरानें मेण मापापुरतें वापरलें व टाकून दिलें. शरीरांत जें ठेवलें तें रोग्याचें स्वतःचें जिवंत कातडें. ह्याच्या उलट प्रयोग शंभर वर्षांनीं व्हिएन्नांत झाला. रॉबर्ट गेर्सूनी ह्यानें १८९९ च्या सुमारास, पातळ करून सुईनें शरीरांत घालावयाच्या व्हॅसलीनची युक्ति काढली; लवकरच बसलेलीं नाकें व सुरकुतलेले गाल भरण्यासाठीं खनिज मेण यूरोप-अमेरिकेंत सर्रास टोंचलें जाऊं लागलें. आरंभीं रूप फार छान येई. कांहीं काळानें तें मेण जागा सोडून सरके, त्याच्या गांठी होत, कातडी फुटे. तें काढणें घालण्याहून कितीतरी कठीण ठरे. मेण तेंच, एकानें तें माप घेऊन बाहेर ठेवलें, दुसऱ्यानें तें आंत ठेवलें.

ह्यावरून शरीरांत परकी वस्तु ठेवूंच नये असा कोणी निष्कर्ष काढील तर तोही चुकीचा होईल. विसाव्या शतकानें शरीराला मानवणारे पदार्थ शोधून काढले. १९५२ सालीं स्वीडनमधील ब्रोनेमार्क ह्यांस, सशाच्या हाडांत बसविलेली टिटॅनियम धातूची नळी हाडाशीं एकजीव होते, असें आढळलें. १९६५ पासून त्याच धातूच्या आधारावर माणसाचे दांत बसूं लागले. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोमच्या इस्पितळांत आर्ने लार्सन ह्या रोग्याच्या शरीरांत पहिला पेसमेकर बसविण्यांत आला. तें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें, दुसरें बसवावें लागलें. पुढें आयुष्यांत वीसांहून अधिक यंत्रें बदलून हा गृहस्थ २००१ सालापर्यंत जगला. आपल्या देशांतही त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेनें हृदयाची कृत्रिम झडप तयार केली, व ती १९९० सालीं प्रथम रोग्याला बसविली. अशा परक्या वस्तूंभोंवतीं जंतु शिरले तर फार मोठा अनर्थ होतो, आणि त्याविरुद्धचें मोठें साधन जें पेनिसिलिन, तें १९५५ सालापासून आमच्या पिंपरीसच तयार होऊं लागलें. १९५४ सालीं स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा तो कारखाना पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाचा एक आरंभ आहे. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चें, नगरपालिका १९७० ची, महानगरपालिका १९८२ ची; मोटारींच्या आधीं ह्या गांवानें औषध बनविलें होतें, हें आजच्या पिढीस बहुधा ठाऊक नसतें.

मग आमच्या स्नेह्यांची अडचण नक्की कोठें होती? ती दोन चांगल्या शोधांच्या गांठीभेटींत होती. शस्त्रक्रियेंत रक्त थांबविण्यासाठीं आज बहुधा विजेचें शस्त्र वापरतात. बोवी ह्या शास्त्रज्ञानें तें यंत्र तयार केलें, व १९२६ सालीं बॉस्टन येथें मेंदूचे प्रख्यात शस्त्रवैद्य कुशिंग ह्यांनीं तें प्रथम वापरलें. नेहमींच्या प्रकारांत ही वीज शस्त्राच्या टोंकांतून शरीरांत शिरते आणि मांडीला वा पाठीला चिकटविलेल्या पट्टिकेंतून बाहेर जाते. म्हणजे चेहऱ्यावर शस्त्र चालत असतां तिचा मार्ग छातीवरून जातो. आणि छातींत बसलेलें यंत्र विजेच्याच सूक्ष्म खुणांनीं हृदयाचे ठोके ओळखतें. बाहेरची वीज हाच हृदयाचा ठोका आहे अशी त्याची समजूत झाली तर तें स्वतः ठोका देण्याचें थांबतें. ज्याचें हृदय सर्वस्वीं यंत्रावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतींत हे थोडे क्षणही थोडे नव्हेत. हृदयाला झटका देऊन ताळ्यावर आणणारें दुसऱ्या जातीचें यंत्र असेल तर तें उलट फसून विनाकारण झटका देईल.

हें समजावून सांगतांना आम्ही अडखळत होतों; पण आमच्या स्नेह्यांनीं तें आमच्या आधीं ओळखलें. ते म्हणाले, “म्हणजे हें वेल्डिंगच झालें.” त्यांच्या कारखान्यांत मोटारीचा सांगाडा विजेनें जोडीत; पेसमेकर बसल्यावर त्या विभागांत जाण्यास त्यांना डॉक्टरांनीं मनाई केली होती. वेल्डिंग करतांना अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदीं जवळ लावावा, नाहींतर वीज भलत्या वाटेनें फिरते, हा नियम त्यांनीं शेंकडों पोरांना शिकविला होता. शस्त्रवैद्यांचा नियमही तोच आहे. पट्टिका अशी लावावी कीं विजेची वाट यंत्रापासून दूर राहील. वीज थोडी व थांबून थांबून वापरावी. आणि शक्य तेथें दोन टोंकांचा चिमटा घ्यावा, म्हणजे वीज त्या दोन टोंकांमध्येंच राहते, शरीरांतून फिरत नाहीं. ज्यांच्या कानांत श्रवणासाठीं यंत्र रोपलेलें असतें, त्यांच्या डोक्यावर व मानेवर तर एकटोंकी विजेचें शस्त्र वापरूंच नये असा दंडक आहे. आणि सौंदर्यगृहांतून कातडी घट्ट करण्यासाठीं जीं विद्युत्-यंत्रें फिरवितात, तीं पेसमेकर असलेल्या माणसानें टाळावीं अशी सूचना असते. ती सूचना वाचण्याचे कष्ट त्या चिकित्सालयांत कोणीं घेतले नव्हते.

इतर रोपणांचे प्रश्न निराळे आहेत. धातूची झडप असलेला मनुष्य रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असतो. औषध थांबवावें तर झडपेवर गांठ धरते, चालू ठेवावें तर चेहऱ्यासारख्या रक्तानें भरलेल्या भागांत कातडीखालीं रक्त सांचतें. हृदयाच्या रक्तवाहिनींत नुकतीच जाळी बसविलेली असेल तर हौसेचें शल्यकर्म कांहीं महिने, प्रसंगीं वर्षभर, लांबणीवर टाकतात. जबड्यांत जुन्या अपघाताची पट्टी व स्क्रू असतील तर कापण्यापूर्वीं तीं कोठें आहेत हें कळावयास हवें. ह्या सर्व प्रकारांत ‘करूं नये’ असें सरसकट उत्तर नाहीं, आणि ‘कांहीं होत नाहीं’ हेंही उत्तर नाहीं. दोन वैद्यांनीं, एकानें चेहऱ्याच्या व एकानें रोपणाच्या बाजूनें, शस्त्र हातीं घेण्यापूर्वीं एकमेकांशीं बोलावें, एवढेंच उत्तर आहे. आमच्या ऐकण्यांत आलेल्या बहुतेक घोटाळ्यांचें मूळ अज्ञानापेक्षां मौनांत आहे. रोग्याला वाटतें कीं छातीचा आणि चेहऱ्याचा संबंध काय. वैद्याला वाटतें कीं असेल तर सांगेल. आणि यंत्राबरोबर मिळालेलें ओळखपत्र कपाटांत, लग्नाच्या अल्बमाखालीं, पडून राहतें.

आमच्या स्नेह्यांनीं तें ओळखपत्र शोधून काढलें. पहिल्या चिकित्सालयाचा नाद सोडून ते एका मोठ्या इस्पितळांतील शस्त्रवैद्याकडे गेले. त्यानें पहिल्याच भेटींत छातीवर बोट ठेवून विचारलें, “हें कधीं बसवलें?” हृदयवैद्यानें यंत्र तपासून सांगितलें कीं ह्यांचें हृदय पुष्कळ अंशीं यंत्रावर चालतें, तेव्हां दीर्घकाळ चालणारी, सबंध चेहरा ओढून घेण्याची शस्त्रक्रिया नको, पापणी व व्रण एवढेंच, जागा बधिर करून, दोन टोंकांच्या चिमट्यानें करावें, हृदयाची गति सतत पाहत राहावी, चुंबक हाताशीं असावा, आणि नंतर यंत्र पुन्हां तपासावें. आमच्या स्नेह्यांना प्रथम थोडी निराशा वाटली. मग ते म्हणाले, “ठीक आहे. मला सिनेमांत कोठें जावयाचें आहे!”

क्रिया झाली. तोंड अजून थोडें वांकडें आहे; व्रणाची रेघ बारीक झाली आहे, पण गेलेली नाहीं. पापणी मात्र वर आली, व उजवा डोळा पूर्ण दिसतो. ज्या मुलानें ‘ह्या वयांत’ म्हटलें होतें, तोच टांके काढण्याच्या दिवशीं सुट्टी काढून बरोबर गेला. गेल्या महिन्यांत आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां नातीच्या बारशाचे फोटो दाखविण्यांत आले. ते एका फोटोंत समोर तोंड करून बसले आहेत. त्यांच्या पत्नीनें तो फोटो दोनदां आमच्या हातीं दिला, आणि आम्ही त्याबद्दल कांहीं बोललों नाहीं.

परत निघतांना स्नेही फाटकापर्यंत आले, आणि त्यांनीं अचानक विचारलें, “त्या पुण्याच्या माणसानें कापण्याच्या आधीं मेणानें माप घेतलें, असें तुम्ही म्हणालां ना?” आम्हीं होय म्हटलें. “आमच्या शॉपमध्यें पोरांना हेंच पहिलें शिकवीत असूं. दोनदां मापा, एकदां कापा. तो मनुष्य आमच्यापैकींच होता म्हणायचा.” आम्हांस हें पटलें. त्या माणसाचें नांव लंडनच्या मासिकानें नोंदलें नाहीं, आमच्या बखरकारांनींही नोंदलें नाहीं. परंतु भोसरीपासून चाकणपर्यंत जे हजारों कारागीर आज माप घेऊन मगच कापतात, त्यांपैकीं एकानें त्याला आपला म्हटलें, ही नोंद आम्ही येथें करून ठेवतों.